चार पायांची चार मापं

आमच्या घरमालकांच्या शर्टाच्या खिशात पेन नसे, पाणसळ असे. पाणसळ म्हणजे गवंडी आणि सुतार वापरतात ती छोटी पट्टी. तिच्यात काचेची नळी, नळीत पिवळसर पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध आला की खालची वस्तू सपाट आहे असं समजायचं. सगळं जग तिला लेव्हल म्हणतं, पण ते पाणसळच म्हणायचे. कोथरूडला त्यांच्या बैठ्या बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही नवराबायको भाड्यानं राहायला गेलो, त्या पहिल्याच दिवशी ते चहाला आले. कपातला चहा एका कडेला जास्त दिसल्याबरोबर त्यांनी कप उचलून माझ्या हातात दिला आणि टेबलावर पाणसळ ठेवली.

"हे टेबल कुठून आणलंत?"

"सासरहून आलंय," मी म्हणालो.

"मग बरोबर. बाईंच्या बाजूला झुकलंय."

माझी बायको शाळेत शिकवायची म्हणून ती पहिल्या दिवसापासून त्यांची 'बाई' झाली. मी विम्याच्या ऑफिसात कारकून होतो, म्हणून मी कुणीच झालो नाही. नुसता 'अहो'. आम्ही त्यांना काका म्हणायचो.

पिंपरीकडच्या एका कारखान्यात काका तपासणी विभागात होते. तीस वर्षं दुसऱ्यांनी केलेलं काम नापास करून ते निवृत्त झाले आणि त्यानंतर घरात नापास करायला फारसं काही उरलं नाही, त्याची कसर ते आमच्यावर काढायचे. आमचं कॅलेंडर तिरकं होतं. आमच्या गॅसची शेगडी उतरती होती. एकदा बायकोनं त्यांना जेवायला वाढलं, तर आमटी भाताकडून पापडाकडं गेली. काकांनी ताटाखाली बोट घालून म्हटलं, "आमटी उत्तम. ताट नापास." स्वतःच्या घरात मात्र सगळं चोख होतं. समोरच्या भिंतीवर काकूंचा फोटो होता. काकू आम्ही यायच्या आधीच गेल्या होत्या. रोज सकाळी आंघोळ झाल्यावर ते फोटोच्या चौकटीवर पाणसळ ठेवायचे, बुडबुडा बघायचे आणि मगच हार घालायचे.

मी या सगळ्याच्या उलट. माझ्या तोंडात एकच शब्द असे, 'चालेल'. नळ थोडा गळतोय? चालेल. खिडकी पूर्ण लागत नाही? चालेल. काकांना त्या शब्दाची चीड होती. "चालेल म्हणजे काय हो? किती लांब चालेल? कात्रजपर्यंत?" असं ते विचारायचे. मी हसून सोडून द्यायचो. तेव्हा हसण्यावारी नेलेल्या बऱ्याच गोष्टी मला पुढं चांगल्याच महागात पडल्या.

त्यांची आणखी एक सवय आम्ही दोन वर्षं चुकीची समजत होतो. काका कधी खोलीच्या मधून चालायचे नाहीत. भिंतीच्या कडेकडेनं, तळहात भिंतीवर टेकवून चालायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "गिलाव्याला फुगे आलेत का बघतो." आम्हाला ते पटलंसुद्धा, कारण माणूसच तसा होता. मुलीनं त्यांना एक छान काठी आणून दिली होती. तिच्या टोकाला आकडा बांधून ते अंगणातल्या शेवग्याच्या शेंगा काढायचे. चालताना ती कधी हातात धरली नाही. "काठी म्हणजे माणसाच्या पायाखालची पाचर," ते म्हणायचे. पाचर त्यांना मुळीच खपत नसे. टेबल डुगडुगलं की आपण पायाखाली कागदाची घडी किंवा लाकडाची कपची सारतो, ती पाचर. "पाचर घालणं म्हणजे जमिनीला लाच देणं. पाय नीट कापा, लाच द्यावी लागत नाही."

मग एका दुपारी पुढच्या बाथरूममधून बादली आदळल्याचा आवाज आला. दार आतून लावलेलं. मी खांद्यानं ढकलून कडी तोडली, तर काका फरशीवर आडवे, डोळे गच्च मिटलेले, दोन्ही हातांनी नळ धरलेला. कपाळावर टेंगूळ आलं होतं.

"काका, काय झालं?"

"काही नाही. फरशीचा उतार बघत होतो."

त्यांचा हात नळावरून सोडवायला मला चांगलं अर्धं मिनिट लागलं. तेव्हा कळलं की भिंतीवरचा तो हात गिलाव्यासाठी नव्हता. डॉक्टर म्हणाले, कानाच्या आत तोल सांभाळणारी व्यवस्था असते, ती बिघडली आहे. झटका आला की सगळं गरगरतं, डोळे एका जागी ठरत नाहीत. औषधानं कमी होईल, जाणार नाही. काकांनी हे निदान एका वाक्यात आणलं, "माझ्या आतली पाणसळ गेलीय." आणि मग मला दटावलं, "हे वाघोलीला कळता कामा नये."

वाघोलीला म्हणजे मुलीला. आम्ही त्यांना ताई म्हणायचो. ताई वाघोलीच्या एका नव्या सोसायटीत सातव्या मजल्यावर राहायच्या आणि बाबांनी तिथं यावं म्हणून वर्षभर मागे लागल्या होत्या. मी कळवलं नाही. बायकोनं कळवलं, आणि बरोबर केलं.

ताई त्याच संध्याकाळी आल्या. बापलेकीचं भांडण आम्हाला मागच्या खोलीत स्पष्ट ऐकू येत होतं. ताई आधी समजावत होत्या, मग रडल्या आणि मग चिडल्या.

"उद्या रस्त्यात पडलात तर? बाबा, तुम्हाला साधं स्टूल सरळ धरवत नाही आता!"

तीस वर्षं सरळ आणि वाकडं एवढंच पारखलेल्या माणसाला पोटच्या मुलीनं हे म्हणावं! मला भिंतीपलीकडून त्यांची लाज वाटली, म्हणजे त्यांच्यासाठी वाटली.

"तुझी ती माशांची टाकी कुठाय?" काकांचा आवाज आला.

"बाल्कनीत पडलीय. देऊन टाकणार आहे कुणाला तरी. मध्येच काय टाकीचं?"

"देऊ नकोस. इथं आण. चार फुटांची आहे ना? तिचा स्टँड मी करतो. माझ्या हातांनी. पाणी भरून महिनाभर उभी राहिली, तर वाघोलीचं नाव काढायचं नाही. नाही राहिली तर मी बॅग भरतो."

"ठीक आहे," ताई म्हणाल्या. त्या वैतागून म्हणाल्या असणार.

"असं नाही. भाडेकरूंसमोर म्हण." आणि त्यांनी आम्हाला हाक मारून बोलावून घेतलं. आम्ही दाराशी चोरासारखे उभे राहिलो आणि ताईंनी आमच्याकडे बघत पुन्हा सगळं म्हटलं. काकांनी मान डोलावली.

त्या दिवसापासून घराला ताण आला. एका बाजूला टाकी, एका बाजूला काकांचं हे घर, अंगण, शेवगा, मागच्या पडवीतलं त्यांचं सुताराचं टेबल, सगळंच. मी पैजेला नावं ठेवत होतो, पण ऑफिसातून आल्यावर पहिल्यांदा करवतीचा आवाज येतोय का तेच ऐकायचो.

लाकूड त्यांनी जुन्या बाजारातून आणलं, कुणाच्या तरी पाडलेल्या घराच्या सागवानी चौकटी. एका लाकडाला बिजागरीची भोकं होती. ती लुकणानं भरून टाकली आणि म्हणाले, "ही बाजू पुढं ठेवायची. लाकूड जुनं आहे हे लोकांना कळू दे. लाजायचं काय त्यात?" संपूर्ण स्टँडला खिळा एकच नाही. लाकडात चौकोनी भोक पाडायचं, दुसऱ्या लाकडाचं टोक त्याच मापानं तासायचं आणि ठोकून बसवायचं. मध्येच करवत थांबायची. मी हळूच डोकावून बघावं, तर काका जमिनीवर बसलेले, टेबलाचा पाय मिठीत धरलेला, डोळे मिटलेले. मला चाहूल लागू न देता परत फिरावंसं वाटे. एकदा त्यांनी ओळखलं.

"लाकूड वाळतंय. वाट बघतोय," डोळे न उघडता ते म्हणाले.

एक पाय त्यांनी चुकून आखूड कापला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याचे तुकडे टेबलाखालच्या खोक्यात गेले आणि नवा पाय कापायला घेतला.

टाकी ठेवायची होती पुढच्या खोलीत. ही खोली पूर्वी व्हरांडा होती, नंतर गज आणि काचा लावून बंद केलेली. व्हरांड्याला पावसाचं पाणी बाहेर जाण्यासाठी उतार असतोच. चार फुटांत फाटकाच्या बाजूला दोन सूत उतार होता. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एवढा उतार मला आयुष्यात दिसला नसता.

"दोन सुतांनी काय होतंय?" मी म्हणालो. "चालेल की."

"टाकीत दोनशे लिटरच्या वर पाणी. एक लिटर म्हणजे एक किलो. वर काच, लाकूड. अडीचशे किलो धरा. रोज, चोवीस तास, एकाच बाजूला जास्त. काच आज फुटणार नाही हो. सहा महिन्यांनी फुटेल, घरात कुणी नसताना." मग म्हणाले, "आणि मला सहा महिने नाही, एक महिना दिलाय. पण मी सहा महिन्यांचंच काम करणार."

दुसरा कुणी असता तर त्यानं फाटकाकडच्या पायांखाली कपच्या सारल्या असत्या. काकांनी चारही पाय वेगवेगळ्या मापांचे कापले. फाटकाकडचे लांब, आतले आखूड, आणि फरशीच्या खडबडीपणाप्रमाणे त्यातही केसाएवढा फरक. पायांना आतून पेन्सिलीनं नंबर घातले, एक ते चार. भिंतीवर खाली तेच नंबर लिहिले. "हा स्टँड पृथ्वीवर फक्त इथंच सरळ उभा राहील," ते मला म्हणाले. एवढे खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

पाण्याआधी माणसांची परीक्षा झाली. स्टँडवर फळी टाकली. आमचं वर्षाचं गव्हाचं पोतं मी त्यावर ठेवलं. मग मी चढून बसलो. मग काका बायकोकडे वळले.

"बाई, तुमचं वजन किती? विचारू नये, पण स्टँडला कळायला पाहिजे."

"स्टँडला मी परस्पर सांगते," बायको म्हणाली आणि चढून बसली. आम्ही दोघं गव्हाच्या पोत्याला टेकून, पाय लोंबकळत ठेवून पाऊण तास बसलो. काका खाली बसून सांध्यांना कान लावत होते. एकही सांधा कुरकुरला नाही.

मग अंगणात नेऊन पॉलिश झालं. टाकी रविवारी दुपारी येणार होती. रविवारी सकाळी काकांना झटका आला.

ते पलंगावर पडून होते, चेहरा पांढरा, ओठ आवळलेले. स्टँड अजून अंगणात. ताईंनी येऊन काकांना असं आडवं पाहिलं असतं तर पैज तिथंच संपली असती. मी म्हणालो, "काका, आम्ही आणून ठेवतो आत. तुम्ही पडा."

"एक नंबर आतल्या दाराकडं," ते डोळे मिटूनच म्हणाले.

मी आणि बायकोनं स्टँड उचलला. भारी होता. दारातून आत घेताना आडवा करावा लागला, मग फिरवावा लागला. ठेवल्यावर माझ्यासमोर बिजागरीच्या भोकांची बाजू आली. ताईंना पहिल्याच नजरेला ती बुजवलेली भोकं दिसणार! मी म्हटलं, फिरवू या, चांगली बाजू पुढं करू. आणि फिरवलाच.

"नंबर बघ," बायको म्हणाली.

"अगं, चार पाय आहेत, चारही टेकतायत. डुगडुगत नाही. चालेल."

खरंच डुगडुगत नव्हता. उतारासाठी कापलेला स्टँड उलटा फिरवला तरी चारही पाय टेकतातच, फक्त दोन सुतांचा उतार भरून निघण्याऐवजी दुप्पट होतो. हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त सुंदर रेषांची, चकचकीत बाजू दिसत होती. बायको फाटक उघडायला गेली.

काका भिंत धरत धरत बाहेर आले आणि वेताच्या खुर्चीत बसले. खिशातून पाणसळ काढून त्यांनी हात लांब करून स्टँडवर ठेवली. मग पुढं वाकून बघायला लागले. बघतच राहिले. त्यांचे डोळे एका जागी ठरत नव्हते, मला ते दिसत होतं. बुबुळं सारखी एका बाजूला सरकून झटक्यानं परत येत होती. त्यांनी एकदा डोळे चोळले आणि परत वाकले. मग मागे टेकले.

"अहो," ते म्हणाले, "बुडबुडा कुठाय?"

मी बघितलं. बुडबुडा नळीच्या टोकाला जाऊन चिकटला होता.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. ताई आल्या होत्या. स्टँड फिरवायला दोन मिनिटं लागली असती, पण त्या दोन मिनिटांत ताई दारात आल्या असत्या आणि त्यांना दिसला असता उलटा ठेवलेला स्टँड आणि पांढरे पडलेले बाबा. काकांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. मी मनात म्हटलं, आत्ता वेळ मारून नेऊ, ताई गेल्या की संध्याकाळी फिरवू.

"मधोमध," मी म्हणालो.

काकांनी सुस्कारा सोडला आणि पाणसळ खिशात ठेवली. त्या सुस्काऱ्याचा आवाज मला अजून आठवतो.

संध्याकाळी कुठलं फिरवणं! ताईंना पाणी भरलेलंच बघायचं होतं. त्यात त्यांचंही काही चुकलं नाही. थर्मोकोलचा तुकडा टाकून आम्ही तिघांनी टाकी वर ठेवली. अंगणातल्या नळाचा रबरी पाइप खिडकीतून आत आला आणि पाणी पडायला लागलं.

मी टाकीसमोर उभा होतो. चार बोटं पाणी झालं, वीतभर झालं. पाण्याची रेघ आणि काचेची खालची कड बरोबर जात नव्हती. फाटकाच्या बाजूला पाणी जास्त होतं. थोडंसंच, पण मला आता दुसरं काही दिसतच नव्हतं. ताई म्हणत होत्या, "बाबा, सुंदर झालाय हो स्टँड." बायको चहा घेऊन आली, तिनं टाकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि ट्रे खाली ठेवला. मी मान खाली घातली. बोललो तर काकांचं घर जातंय, नाही बोललो तर काच जातेय, आणि पाणी आपलं वाढतंय.

"अहो, तुम्ही आज एवढे गप्प का?" काका म्हणाले.

ते उठले. भिंत धरून टाकीपाशी आले. टाकी निम्म्याहून जास्त भरली होती. त्यांनी टेबलावरची लाकडी फूटपट्टी घेतली, आतल्या कोपऱ्यात बुडाला टेकेपर्यंत उभी बुडवली आणि पाणी जिथं लागलं तिथं अंगठ्याचं नख रोवलं. बघितलं नाही, नुसतं रोवलं. मग अंगठा तसाच ठेवून ते टाकीच्या कडेनं दुसऱ्या टोकाला गेले आणि पट्टी तिथं बुडाला टेकवली.

अंगठा बुडाला. नख, पेर, पाण्याच्या आत गेलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखाद्या पट्टीवर किती सुतांचा फरक आहे ते वाचावं, तसं शांतपणे पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. मी मनातल्या मनात मान पुढं केली होती.

"काय झालं, बाबा?" ताईंनी विचारलं.

"पाणी बंद कर. स्टँड उलटा ठेवला गेलाय. माझी चूक. मी तपासायला हवं होतं."

ठेवला गेलाय! कुणी ठेवला ते नाही. बुडबुडा कुणी वाचला तेही नाही. मी काहीतरी पुटपुटायला लागलो, तर म्हणाले, "तुम्ही पाइप धरा."

पाणी काढायला तास गेला. टाकी उतरवली, स्टँड फिरवला, एक नंबर आतल्या दाराकडं. बिजागरीची भोकं पुढं आली. काकांनी पाणसळ वर ठेवली आणि म्हणाले, "बाई, बघा बरं." बायकोनं वाकून, चष्मा लावून, नीट बघितलं. "मधोमध आहे, काका." पुन्हा पाणी भरलं. चारही कोपऱ्यांत पट्टी फिरली आणि चारही ठिकाणी पाण्याची कड नखाला शिवून थांबली.

रात्री जेवताना बायको एवढंच म्हणाली, "तुझं चालेल आज एका माणसाच्या घरावर आलं होतं."

महिनाभर काका रोज सकाळी स्टँडखाली कोरडं वर्तमानपत्र अंथरायचे आणि संध्याकाळी बोटांनी चाचपायचे. एक थेंब नाही. चार गोल्डफिश आले. माझ्याशी काका नेहमीसारखे बोलायचे, पण एक फरक होता. आमच्या खोलीत येऊन काही तपासायचं त्यांनी बंद केलं. आमचं कॅलेंडर पुन्हा तिरकं झालं, त्यांना दारातून दिसलं, आणि ते काही न बोलता गेले. ते मला फार लागलं. नापास केलं असतं तर बरं वाटलं असतं.

महिना भरला त्या रविवारी ताई पेढे घेऊन आल्या. मनानं मोठी बाई. "जिंकलात, बाबा. वाघोलीचं नाव काढणार नाही."

"बॅग भरून ठेवलीय," काका म्हणाले.

ताईंना वाटलं थट्टा आहे. मग त्यांनी खोलीत जाऊन पाहिलं, तर पलंगावर बॅग, शेजारी काकूंचा फोटो टॉवेलात गुंडाळलेला.

मी अंगणात त्यांना गाठलं. गेला महिनाभर मनात घोळवलेलं सगळं एकदम बोलून टाकलं. माझ्यामुळे जाऊ नका म्हणालो. ताईंना खरं सांगतो म्हणालो.

"खुळ्यासारखं बोलू नका," ते शेवग्याच्या खोडाला हात टेकून म्हणाले. "तुम्ही खोटं बोललात म्हणून जात नाही मी. तुम्ही चालेलवाले. तुमच्याकडून आणखी काय व्हायचं? पण बुडबुडा कुठाय, हे मला विचारावं लागलं. तीस वर्षं मी कुणाला विचारलं नव्हतं. त्याच दिवशी निकाल लागला. स्टँड पास झाला. मी नाही झालो."

"मग महिनाभर थांबलात कशाला?"

"स्टँडचा निकाल बघायला नको?"

टाकी हलवता येण्यासारखी नव्हती. तो स्टँड पृथ्वीवर फक्त तिथंच सरळ उभा राहणार होता. म्हणून टाकी, मासे आणि पुढच्या खोलीची किल्ली त्यांनी आमच्याकडे दिली. पाणसळही दिली, पण माझ्या हातात नाही, बायकोच्या.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी फोन यायचा. तब्येत कशी, पाऊस आहे का, असलं काही नाही. पहिलाच प्रश्न, "बुडबुडा?" मी पाणसळ ठेवून बघायचो आणि सांगायचो, "मधोमध, काका." मग ते म्हणायचे, "बाईंना द्या." बायको येऊन बघायची, सांगायची आणि फोन ठेवायची. दीड-दोन वर्षं असंच चाललं. एका रविवारीही त्यांनी माझ्या शब्दावर फोन ठेवला नाही. मी तक्रार केली नाही. शिक्षा रास्त होती.

मग शेजारच्या प्लॉटवर जुना बंगला पाडून इमारतीचा पाया खणायला सुरुवात झाली. दिवसभर जेसीबीचा धडधडाट चालायचा आणि आमच्या कपाटातली भांडी वाजायची. एका रविवारी मी पाणसळ ठेवली, तर बुडबुडा आतल्या रेघेला टेकलेला. मी पट्टी घेतली, आत अंगठा रोवला, फाटकाकडे नेली. अर्धं नख बुडालं.

फोन वाजला.

सांगायला नको असं मला वाटलं, हे कबूल करतो. त्या माणसाजवळ आता कोथरूडला या एका स्टँडशिवाय काय उरलं होतं? वाघोलीला सातव्या मजल्यावर बसून तो आठवडाभर या एका शब्दाची वाट बघतो. 'मधोमध' म्हटलं असतं तर त्याचा रविवार चांगला गेला असता. बायको स्वयंपाकघरात होती. तिलाही डोळ्यानं खूण करता आली असती.

"बुडबुडा?"

"सरकलाय, काका," मी म्हणालो. "फाटकाकडची बाजू खचलीय. अंगठ्याचं अर्धं नख बुडतं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"शेजारी खणतायत?"

"हो. जेसीबी लावलाय."

"म्हणजे जमीन हलली."

"जमीनच हलली, काका. लाकूड जागच्या जागी आहे. सांधे बघितले मी सगळे."

"पाणी निम्म्याच्या खाली आणा. मासे बादलीत काढा. मग फाटकाकडच्या, तीन आणि चार नंबरच्या पायांखाली पाचर घाला. सागवानाचीच. माझ्या टेबलाखालच्या खोक्यात तुकडे आहेत."

"पाचर?" मला राहवलं नाही.

"पाचर. जमीनच सरकली तर पाय काय करणार? तो एकटा ताठ उभा राहिला तर वरची काच जायची." ते थोडं थांबले. "मी पण परवापासून काठी घेतलीय. इथं भिंती कमी आणि काचाच जास्त. धरणार कशाला?"

तोवर बायको पदराला हात पुसत येऊन उभी राहिली होती, दर रविवारसारखी. तिच्या हाती द्यायला मी रिसीव्हर कानापासून काढायला लागलो.

"झालं की संध्याकाळी कळवा," काका म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला. बाईंना द्या म्हणाले नाहीत.